आबाराव गुरुजींचा उलटा चेंडू

आमच्या नळदुर्गच्या शाळेत आबाराव गुरुजी गणित शिकवायचे आणि मी चित्रकला. दोन्ही विषयांना पोरं सारखीच कंटाळायची, म्हणूनच आमचं जमलं असावं.

गुरुजींचं सगळं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेलं. राज्य गेलं, शाळा मराठी झाल्या, गुरुजींनीही मराठी शब्द घोटून घोटून पाठ केले. पण मनातलं गणित उर्दूतच चालायचं, आणि हात उजवीकडून डावीकडं. चेंडूची वाट फळ्यावर काढायची तर सगळं जग डावीकडून सुरुवात करतं. गुरुजींचा चेंडू उजव्या कोपऱ्यातून उडायचा. पोरं खिदळायची, गुरुजींचा चेंडू उलटा जातो म्हणून. गुरुजी म्हणायचे, "कुठूनबी फेका रे. उंची तेवढीच भरंल."

आणि ते भरवून दाखवायचे. वर्ग अंगणात न्यायचा, चेंडू सरळ वर फेकायचा आणि वर गेल्यावर तो पळभर थांबतो तेवढंच बघा म्हणायचं. मग आत येऊन फळ्यावर मांडायचं. उंची म्हणजे वेळेची वीसपट, वजा वेळेच्या वर्गाची पाचपट. तेच जरा हलवून पूर्ण वर्ग केला की होतं वीस, वजा पाच गुणिले 'वेळ वजा दोन'चा वर्ग. वर्ग कधी ऋण होत नाही, म्हणजे विसातून काही ना काही जाणारच. फक्त दुसऱ्या सेकंदाला काहीच जात नाही. तीच कमाल उंची, वीस मीटर. मला चित्रकलेच्या माणसालाही ते कळलं, याहून मोठं प्रमाणपत्र गुरुजींना काय द्यायचं!

लक्ष्मीबाई, त्यांची बायको, गेल्यापासून ते घरी एकटेच होते. पण खरं एकटेपण निराळंच होतं. त्यांच्याबरोबर शिकलेले कुणी हैदराबादला गेले, कुणी वारले. गावात उर्दू बोलणारे पुष्कळ होते, गणित येणारेही चार जण निघाले असते. पण ज्या शब्दांत गुरुजींना गणित सुचायचं, त्या शब्दांत ते वाचून 'बरोबर आहे' म्हणणारा एकही माणूस उरला नव्हता. असा एक भेटावा, एवढीच त्यांची आस होती.

त्र्याहत्तरच्या दुष्काळात शाळेत नवा बी.एस्सी. मास्तर आला. हेडमास्तरांनी गणित त्याला दिलं आणि गुरुजींना पोरांना दुष्काळी मदतीचा खाऊ, सुकडी, वाटायला बसवलं. काम हलकं नव्हतं. उपाशी पोरांना वर्गसमीकरणापेक्षा सुकडीच हवी होती. पण ती वाटता वाटता गुरुजी स्वतः सुकत चालले. मला त्यांची काळजी वाटायची.

संध्याकाळी आम्ही हायवेवर बंडप्पाच्या धाब्यावर चहा घ्यायचो. गुरुजींच्या खिशात अजून खडू असायचा. एकदा बाजेवर टाकलेल्या फळीवर त्यांनी तेच गणित उर्दूत मांडायला घेतलं, उजवीकडून; पहिली ओळ नुसत्या शब्दांची. हैदराबादकडचा एक ट्रकवाला हात पुसत आला, वाकला आणि मोठ्यानं वाचू लागला, "जहाँ गेंद की रफ्तार सिफर हुई, वही उस की इंतिहाई बुलंदी है."

चेंडूचा वेग जिथं शून्य होतो, तीच त्याची सर्वांत मोठी उंची. कुठं अडखळणं नाही, चुकणं नाही. गुरुजी ताठ बसले. त्यांचा चेहरा असा फुललेला मी वर्षभरात पाहिला नव्हता. तो पुढची ओळ मांडील म्हणून त्यांनी खडू त्याच्यापुढं धरला.

ट्रकवाल्यानं मान डोलावली. "वाह! किसका शेर है, चचा?"

गुरुजींचा हात तसाच राहिला. मग ते हळूच म्हणाले, "हमारा."

त्यानं अदबीनं सलाम केला, आणखी एक ऐकवा म्हणाला, तेवढ्यात क्लीनरनं हॉर्न दिला आणि ट्रक सोलापूरच्या अंगाला निघून गेला.

गुरुजींनी खडू परत खिशात ठेवला. "लई झ्याक वाचलं त्यानं," ते म्हणाले. "पर उंची किती आली, ते इचारलं न्हाय."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "किती आली, गुरुजी?"

"तुम्ही नका इचारू, सर," ते म्हणाले. "तुम्ही माज्यासाठी इचारताय."