लाल तारेची नंबरप्लेट

आमच्या इमारतीत ह्यांना सगळे 'कुलूपकाका' म्हणतात. हे नाव तळमजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी ठेवलं, आणि तेही रागाने. जावयाच्या गाडीचा नंबर घालून ह्यांनी बघावं, स्वारी दुपारची असते कुठे, असं मास्तरांना वाटत होतं. हे म्हणाले, "मास्तर, शोधायचं तर कारण लिहावं लागतं, आणि खाली माझं नाव पडतं. काय लिहू? सासऱ्याला करमत नाही?" तेव्हापासून मास्तर ह्यांच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलतात.

रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांच्या ऑफिसात ह्यांची नोकरी. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांचे नंबर यंत्र वाचतं. ज्या प्लेटी त्याला वाचता येत नाहीत, त्यांचे फोटो ह्यांच्यापुढे येतात आणि हे चष्मा पुसून पुसून आकडे टाइप करतात. चोरीबिरीची गाडी नसेल तर तीस दिवसांनी नोंद पुसून टाकायची, असा नियम. यंत्र आपलं आपण पुसतं, पण ह्यांना कुठला धीर! रोज ऑफिसात गेल्या गेल्या आधी ते तपासायचं, मगच चहा. घरातल्या कपाटाचं दार जन्मात कधी लावलं नाही या माणसाने, पण तिथे एक नोंद एकतिसाव्या दिवशी शिल्लक दिसली तर जेवण गोड लागत नाही. आणि तिथलं घरी काही सांगतील तर शपथ!

आता माझं सांगते. मी पडदे शिवते आणि गाडीने लोकांच्या घरी पोचवते. दर बुधवारी 'ऑर्डर पोचवायची आहे' म्हणून निघायचे ती थेट वन्संकडे. वन्सं म्हणजे ह्यांची सख्खी मोठी बहीण. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात दोघांचं वाजलं. हे दवाखान्यात चार लोकांदेखत म्हणाले, "तू इथे पाहुणी म्हणून आलीस, पाहुणीसारखी बस." वन्सं बसल्या नाहीत, निघूनच गेल्या. त्याला सात वर्षं झाली. घरी आल्यावर ह्यांनी सांगून टाकलं, "तिचं नाव या घरात काढायचं नाही." मी नाव काढलं नाही. नुसती जात राहिले.

आणि न जाऊन सांगते कोणाला? त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, एकट्या राहतात, दुसऱ्या मजल्यावर. मी त्यांचे केस धुऊन द्यायचे, चादरी बदलायचे, गप्पा मारायचे. बाई जिभेने तिखट, पण माणूस सोन्यासारखं. दर वेळी निघताना पाठमोऱ्या होऊन विचारायच्या, "तो बरा आहे ना?" मी म्हणायचे, "बरे आहेत." झालं, आमचं बोलणं तेवढ्यावर थांबायचं.

भीती मात्र मला पोटभर होती. ह्यांना कळलं तर बुधवार बंद होणार, आणि बुधवार बंद झाला तर त्या म्हातारीकडे कुत्रंसुद्धा फिरकणार नाही. वन्संच्या वाटेवर मोठा पूल लागतो, आणि पुलावर ह्यांचा कॅमेरा. चोराच्या मनात चांदणं! नोंदी तीस दिवसांनी पुसतात म्हणून काय झालं, माझे चार-पाच बुधवार त्या यंत्रात कायम पडलेले असणारच की. म्हणून मी शहाणपणा केला. पूल सोडला आणि नव्या इमारतींच्या बांधकामामागचा कच्चा रस्ता धरला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एका रविवारी सकाळी खाली गेले तर हे गाडीमागे उकिडवे बसलेले. हातात जुना टूथब्रश, शेजारी बादली, आणि नंबरप्लेट घासणं चाललेलं. बोल्ट पडला म्हणून मी ती लाल तारेने बांधली होती. ती तार काढून ह्यांनी नवा बोल्ट बसवला होता.

मी विचारलं, "हे काय चाललंय?"

"चिखल किती! दोन आकडे पार झाकले होते. यंत्राला वाचता येईना, म्हणून फोटो माझ्यापुढे आला."

"आपल्या गाडीचा? कसं ओळखलंत?"

"तुझी लाल तार अख्ख्या शहरात दुसऱ्या कोणाच्या प्लेटला आहे का?"

त्या कच्च्या रस्त्याच्या तोंडाशीच नवा कॅमेरा बसवलेला. मला मेलीला काय माहीत!

"मग?"

"मग काय? घरची गाडी समोर आली की हात वर करायचा आणि खुर्ची सोडायची, असा नियम आहे. उठलो, पाणी प्यायलो. शेजारच्याने आकडे टाइप केले."

"कुठला फोटो होता?"

"ते वेगळं उघडून बघावं लागतं. मी उघडलं नाही."

"कधीची गोष्ट?"

"झाले तीन आठवडे."

तीन आठवडे! तीन आठवडे हा माणूस माझ्यासमोर बसून भाजीत मीठ कमी आहे म्हणत होता. मला असा संताप आला! "मला विचारायचं तरी! बायको कुठे भटकते, एवढंही विचारावंसं वाटलं नाही?"

"वाटलं की. रोज वाटलं." ब्रश थांबला नाही. "पण मास्तरांना एक न्याय आणि मला एक, असं कसं चालेल? तुला सांगायचं असेल तेव्हा सांगशील म्हणून थांबलो होतो. निदान प्लेट धुऊन ठेवू, म्हणजे पुन्हा माझ्यापुढे येणार नाही."

मला रडूच फुटलं, आणि रडता रडता सगळं बाहेर पडलं. "वन्संकडे जाते मी. दर बुधवारी. काय रागवायचं ते रागवा."

हे एकच आकडा घासत बसले, तो केव्हाच स्वच्छ झाला होता. मग विचारलं, "जिने चढता येतात का तिला?"

"काठी घेऊन. दोनदा बसावं लागतं."

बुधवारी ह्यांनी रजा टाकली. मी न विचारता पुलावरून गाडी घेतली. कॅमेऱ्याखालून जाताना हे ताठ बसले, फोटो काढायला बसतात तसे. "वाचेल ना आता यंत्र?" मी डिवचलं.

"वाचेल. आणि तीस दिवसांनी पुसेल," हे म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मलाच सात वर्षं लागली."

वन्संनी दार उघडलं. भावाकडे बघितलं, काठीवर दोन्ही हात ठेवले, आणि म्हणाल्या, "गाडी कुठे लावलीस? दुकानासमोर लावली असशील तर काढ, उचलून नेतात."

"काढतो, ताई," हे म्हणाले, आणि किल्ली माझ्या हातातून घेऊन पळतच खाली गेले.

वन्संनी दार लोटलं नाही. हे परत वर येईपर्यंत उंबऱ्यातच उभ्या राहिल्या, आणि मी बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.