नसीम मॅडम आणि माझी स्नेहल

नसीम मॅडम काल गेल्या. आणि मला अजूनही त्यांचा हेवा वाटतोय.

बीडच्या शाळेत त्या सायन्स शिकवायच्या. माझी स्नेहल तेव्हा नववीला, त्यांच्याच वर्गात होती.
घरात दिवसभर एकच. "मॅडम म्हणल्या."

भाजी धुवून घे, मॅडम म्हणल्या.
टाकीला झाकण लाव, मॅडम म्हणल्या.
अगं, हेच मी सांगत होते तेव्हा कान कुठं गेलते तुझे?

एकदा प्रदूषणाचा धडा त्यांनी पुस्तक मिटून शिकवला. पोरांनाच विचारलं, तुमच्या घरात धूर कुठून येतो? आला की काय होतं?
स्नेहल उठून म्हणाली, "सकाळी गल्लीत कचरा पेटवतात. मला दम लागतो."

मी तिची आई. मला हे माहीतच नव्हतं.

संध्याकाळी मॅडम तिला घेऊन घरी आल्या.
"ताई, हिला डॉक्टरला दाखवा. पण खो-खो बंद करू नका. त्याच भीतीनं ती तुम्हाला बोलली नाही."

मी चहा टाकला, हसून बोलले. आतून नुसती आग.
माझ्या लेकीची भीतीसुद्धा या बाईला आधी कळावी?

डॉक्टरांनी दमाच सांगितला. पंप सुरू झाला. खो-खो चालू राहिला.

मग मॅडम वर्गातल्या पोरींना घेऊन गल्लीत दारोदार फिरल्या. कचरा जाळू नका, घंटागाडीत टाका.
शेजारचे काका तडकले. "कावून ओ? आमी काय आज पेटवतोय का?"
स्नेहल पुढं झाली. "काका, मला श्वास घेता येत न्हाई."
हळूहळू गल्लीतलं जाळणं थांबलं.

लोक म्हणायचे, मॅडमनी पोरगी लई धीट केली.
मी काय नुसत्या भाकरी थापल्या?

स्नेहल आता मोठी झाली, पुण्यात असते. मॅडम गेल्याचं कळलं तशी आज आली. बॅग घेऊन थेट मॅडमच्या घरी. ती बीडात आलीय हे मला शेजारणीनं सांगितलं.

मीही गेले. मॅडमच्या अम्मी म्हणाल्या, "जबसे आई, पानी बी नै पी बच्ची."
मी ग्लास पुढं केला. स्नेहल घटाघटा प्याली. मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली.

किती वर्षांनी माझ्याजवळ अशी रडली.
तेही तुमच्यामुळंच, मॅडम.

सुखात राहा, जिथं असाल तिथं. माझा शेवटचा नमस्कार.