आंधीनंतरची हाक

वैशाखातली आंधी उज्जैनला बहुतेक वेळा दुपार कलल्यावर येते. आधी पश्चिमेकडचं आभाळ पिवळट होतं, मग गल्लीतली धूळ उठते, आणि फ्रीगंजच्या दुकानांवरचे फ्लेक्स फडफडायला लागले की समजायचं, आता वर पळायचं. मी कित्येक वर्षं अशी पळत आले आहे, कारण आमच्या गच्चीवर पत्र्याची शेड आहे.

ती शेड माझ्या नवऱ्याची हौस. त्यांच्या बँकेतल्या नोकरीमुळे आम्ही महाराष्ट्रातून इथे आलो आणि इथलेच झालो. पत्र्याला भोकं पाडली की पावसाळ्यात गळणार, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणून चार ठिकाणी तार आवळून बाकी सगळा भार त्यांनी दगडांवर सोडला होता. दगड, एक जुना टायर आणि माझा चटणी वाटायचा पाटासुद्धा. मी शाळेत विज्ञान शिकवायची. कागदाच्या पट्टीवरून फुंकर मारली की पट्टी वर उचलली जाते, हे मुलांना दरवर्षी करून दाखवायची. तेच घरी यांना दाखवलं. म्हटलं, वारा छपराला दाबत नाही, वरून जाताना उचलतो. त्यात खालूनही शिरला तर दगड कोणाच्या तरी टाळक्यात पडेल. ते म्हणाले, "त्या पट्टीवर पाटा ठेव आणि मग फुंक बघू."

दर आंधीत कडेचा एखादा पत्रा जायचाच. कडेचाच जातो, वारा तिथूनच बोट घालतो. गल्लीत सगळ्यांचंच तसं होतं, त्यामुळे एक रीत पडून गेली होती. वारा थांबला की गच्चीवर जायचं आणि शेजारच्या गच्चीकडे तोंड करून ओरडायचं, "सब ठीक?" तिकडून "सब ठीक!" आलं की त्यांनी पुढच्या गच्चीला विचारायचं. हाक गल्लीच्या टोकापर्यंत जायची आणि परत येताना कोणाची चद्दर कुठे पडली त्याची बातमी आणायची. इकडे पत्र्याला चद्दर म्हणतात. शेजारच्या भाभी आमची चद्दर परत देताना यांना हटकून म्हणायच्या, "भाईसाहब, इस बार पत्थर भी उड़ गए क्या?" आणि चहा घेतल्याशिवाय सोडायच्या नाहीत. त्या चहासाठी तरी पत्रा उडावा, असं मला कधीकधी वाटायचं.

भाभींचं घर आता हॉटेल आहे. महाकालच्या दर्शनाची गर्दी वाढत गेली तशी गल्लीतली घरं एकेक करून विकली गेली, त्यांच्यावर मजले चढले. भाभी मुलाकडे इंदूरला गेल्या. मागोमाग हेही वारले, अचानक. आमचा मुलगा बंगलोरला असतो. रोज फोनवर विचारतो, जेवलीस का. मी जेवलेलीच असते.

गेल्या वर्षीच्या आंधीत कडेचे दोन पत्रे उडाले. वारा थांबल्यावर मी वर गेले आणि सवयीने शेजारी तोंड करून ओरडले, "सब ठीक?" हॉटेलच्या गच्चीवर कुठलंसं कुटुंब फोटो काढत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं आणि सगळे खाली निघून गेले. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी कठड्याआड बसूनच राहिले. पत्र्यांचं मला काहीच वाटलं नव्हतं. कोणीतरी उलट ओरडावं, एवढंच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पत्रे मागायला हॉटेलात गेले. जिथून मी सरळ भाभींच्या स्वयंपाकघरात शिरायची, तिथे आता काउंटर होता. त्यामागच्या मुलीने हसून विचारलं, "मैडम, आपका रूम नंबर?"

"रूम नहीं है बेटा, हम बाजूवाले हैं. हमारी टीन की चद्दर उड़के आपकी छत पे आई है."

तिने लगेच कोणाला तरी फोन लावला आणि पत्रे माझ्या दारात आणून ठेवायला लावले. भली पोर होती. चहाचं मात्र कोणी विचारलं नाही, आणि तिने तरी का विचारावं?

घरी येऊन मी चिडले. कोणावर, ते अजून कळलेलं नाही. त्या चिडीतच शेड नव्याने करून घेतली. प्रत्येक पत्रा रबरी वॉशर घालून स्क्रूने लोखंडी अँगलला आवळला, कडेला स्क्रू जवळजवळ मारले, वाऱ्याच्या बाजूची फट बंद केली. दगड उतरवले. पाटा खाली आणला, घासून धुतला आणि ओट्यावर ठेवला. एकटीसाठी चटणी वाटून वाटून किती वाटणार, म्हणून तो तसाच पडून आहे.

यंदाची आंधी मोठी होती, पाऊसही घेऊन आली. स्टेशनकडच्या एका गोदामाचं छप्पर म्हणे अख्खं रस्त्यावर आलं, आणि शेजारच्या हॉटेलचा बोर्ड एका खिळ्यावर लोंबकळत होता. वारा पडल्यावर मी वर गेले. एक पत्रा हलला नव्हता, भोकांतून एक थेंब गळला नव्हता. इतकी वर्षं माझंच बरोबर होतं. ते ज्यांना ऐकवायचं होतं, त्यांचा टायर तेवढा कोपऱ्यात पडला होता.

आजूबाजूच्या गच्च्या रिकाम्या होत्या. या वेळी मी कोणाला विचारलं नाही. नुसतं हळूच उत्तर दिलं, "सब ठीक," आणि जिना उतरले.