ब्लोअरचा पारखी

रबरी ब्लोअर गालाशी धरायचा, डोळे मिटायचे, दोनदा दाबायचा आणि म्हणायचं, "न्हाई राव, हवा जड हाय."

माझ्या मंचरच्या फोटो स्टुडिओत येऊन तो हे करायचा. कॅमेऱ्याच्या काचेवरची धूळ उडवायला पुढे नळी असलेला पेरूएवढा रबरी फुगा मिळतो, त्याची ही परीक्षा. हवा जड असते म्हणजे काय, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "ते गालाला कळतं," तो म्हणाला. पुन्हा मी विचारलं नाही. तरी तो चहा पिऊनच उठला.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. बॅटला तेल लावून लावून ती काळी करणारा आणि आयुष्यात मैदानात न उतरणारा. हा त्याच जातकुळीतला. निरगुडसरचा बागायतदार. कॅमेरा असा, की लग्नांवर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याने नुसता लांबून बघावा. त्या कॅमेऱ्यातून निघालेला एकही धड फोटो मी पाहिलेला नाही. लग्नात मी मांडवभर घामाघूम होऊन पळायचो, आणि हा पाहुणा म्हणून आलेला, कोपऱ्यात खुर्चीवर बसून काच साफ करत असायचा. कुणी विचारलं, "भाऊ, फोटू कधी काढणार?" तर उत्तर ठरलेलं, "आधी काच, मग फोटू." तोवर नवरी सासरी जायची.

ब्लोअरवर मात्र तासभर बोलायचा. पंक्चरवाल्याच्या मशीनची हवा नको, तीत तेल आणि पाणी असतं. डब्यातल्या गॅसचा काचेवर डाग पडतो. नळी कडक नको, काचेवर चरा पडतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फुग्याला मागून हवा घ्यायला वेगळं भोक हवं, नाहीतर नळीतूनच धूळ आत ओढतो आणि तीच परत काचेवर मारतो. यातलं बरंचसं खरं होतं, म्हणून तर जास्त डोकं फिरायचं. मी आपला तोंडाने फुंकर मारून शर्टाच्या टोकाने काच पुसणारा. एकदा गिऱ्हाइकासमोर म्हणाला, "तुमी तर थुकता राव काचंवर." त्या दिवशी चहा पाजला नाही.

एकदा अल्बम द्यायला त्याच्या घरी गेलो होतो. त्याचे वडील, आबा, ओसरीत खाटेवर पडलेले. खुब्याचं हाड मोडलं होतं, उठणं बंद. अख्खी हयात या माणसाची बैलगाड्याच्या शर्यतीत गेलेली. घरचा हिऱ्या बैल आता उतरतीला लागला होता, आणि गावच्या चैत्रातल्या यात्रेत, शर्यतीच्या घाटात त्याला शेवटचा पळवायचा असं ठरलं होतं.

"मला काय आता घाटात येता यायचं न्हाई," आबा पोराला म्हणाले. "हिऱ्याची शेवटली बारी हाय. एक फोटू काढून आण मला. चारी पाय भुईच्या वर पायजेत. हितनं समोर लावू, पडल्या पडल्या बघंन."

"काढतो आबा," हा म्हणाला.

आता कुणीही शहाणा माणूस काय करेल? रस्त्यावरच्या कुत्र्याचा का होईना, पळत्या जनावराचा फोटो काढून हात बसवेल. मी तसं सांगितलंही. याने काय करावं? घाटात धूळ फार, वर भंडारा उधळतात, म्हणून चांगला ब्लोअर शोधायला लागला. मोबाइलवरून एकेक मागवायचा, माझ्या काउंटरवर उघडायचा, गालाला लावायचा, परत पाठवायचा. शेवटी एक पसंत पडला. मागे भोक, मऊ नळी. "ह्याची हवा हलकी हाय," तो म्हणाला, आणि नवीन जावई दाखवावा तसा मला दाखवला.

आमच्याकडे नवीन वस्तू आधी देवाला दाखवायची पद्धत. ट्रॅक्टर असो, पाण्याची मोटर असो, भंडारा पडल्याशिवाय कामाला लागत नाही. यात्रेच्या सकाळी याने तो ब्लोअर खंडोबाच्या देवळात नेला, पायरीवर ठेवला आणि वर भंडाऱ्याची ओंजळ टाकली. मागचं भोक उघडंच. हातात घेऊन भक्तिभावाने दोनदा दाबला. हवेची एवढी पारख असलेल्या माणसाला आपण पोटभर हळद आत ओढून घेतली हे कळलं नाही.

घाटात तो समोरच्या बाजूला उभा, मी अलीकडे. बारी म्हणजे चढावर चार बैल गाडा घेऊन सुटतात, पुढे वाट दाखवणारी घोडी, आणि तुम्ही पेलाभर पाणी पिईपर्यंत सगळं संपलेलं असतं. यांच्या गाड्याचं नाव पुकारलं. लोकांनी भंडारा उधळला, थोडा याच्या काचेवर बसला. याने ब्लोअर काढून दाबला. भसकन पिवळं बाहेर आलं. पुन्हा दाबला, आणखी पिवळं. गाडा सुटला, हिऱ्या त्याच्या नाकासमोरून गेला, सगळा घाट ओरडत होता, आणि हा मान खाली घालून दाबतोय, दाबतोय. मी फोटो मारला. माझ्या तोंडातून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी स्टुडिओत आला. माझ्या स्क्रीनवर हिऱ्या होता, चारही पाय वर. आणि त्याच्या मागे, अगदी स्पष्ट, ब्लोअर दाबणारा हा.

"राव, मी काढला म्हणून सांगतो आबांना," तो म्हणाला.

"सांगा की. पण त्यात तुम्हीच उभे आहात."

त्याने स्क्रीनवरचा स्वतः बोटाने झाकून बघितला. "मग मला काढा त्यातनं."

काढला. खरं सांगतो, मजा आली. माणूस पुसला आणि त्या जागी पिवळा धुरळा भरला. कुणाच्या बापाला कळलं नसतं.

फ्रेम घेऊन मीच गेलो. आबांच्या खाटेसमोर खिळा ठोकला, टांगली. आबा एकटक बघत राहिले. "पाय वर हायेत," म्हणाले. मग मान वळवून त्याला विचारलं, "तू काढला?"

"हा."

"झ्याक काढला." ते माझ्याकडे वळून म्हणाले, "पावणं, येवढा कॅमेरा घिऊन हिंडतो, पर ह्याचा एक बी फोटू घरात न्हाई. ह्यात कुटं कडंला उभा आसता, तर बैलासंगं पोरगं बी दिसलं असतं मला."

मूळ फोटो माझ्या कॉम्प्युटरमध्ये होता. हे मला ठाऊक होतं आणि त्यालाही. मी तोंड उघडणार, तोच त्याने आबांच्या मागून मान हलवली. नको. मला त्याची कीव आली आणि त्याच वेळी कानाखाली द्यावीशी वाटली. मी चहा पिऊन निघालो.

त्यानंतर तो स्टुडिओत आलेला नाही. मीही बोलावलं नाही. आबा अजून त्या खाटेवरच आहेत म्हणतात. त्यांच्या समोर हिऱ्या पळतोय, आणि त्यांचा पोरगा उभा होता तिथे मी भरलेला धुरळा आहे.