नुसत्या काकू

लातूरच्या गोलाईच्या बाजारात कापडाचं असं एकही दुकान नसेल, जिथल्या गादीवर नुसत्या काकू बसल्या नाहीत. आणि असंही एक नसेल, जिथून त्यांनी काही विकत आणलं. दुकानदाराने ‘काय दाखवू?’ म्हणून विचारलं की त्या चपला काढायच्या, ऐटीत मांडी घालायच्या आणि पदर सावरत सांगायच्या, ‘काय न्हाई हो, नुसतं बघाया आले.’ यावरूनच आमच्या इमारतीतल्या बायकांनी त्यांना हे नाव ठेवलं. त्यांच्या कानावर ते गेलं तेव्हा म्हणाल्या, ‘ठेवा की. खोटं तर न्हाई.’

बरं, नुसतं बघणं म्हणजे लांबून डोकावणं नव्हे. साडीची घडी मोडायची, पोत बोटांनी चाचपायचा, उजेडात नेऊन काठ बघायचा, मग भाव विचारायचा आणि तो पार अर्ध्याखाली पाडून मागायचा. दुकानदार ‘परवडत नाही’ म्हणाला की या समाधानाने उठायच्या. कुणी त्यांना हाकललं कसं नाही, याचं मला नवल वाटायचं. एकदा कारण कळलं. शेजारी बसलेल्या गिऱ्हाइकाला काकू स्वतःहून सांगायच्या, ‘घे गं माय, तुझ्या रंगाला उठून दिसून राहिलंय.’ आणि ती बाई घ्यायची. मग दुकानदार पोराला चहा सांगायचा, त्यात एक कप काकूंचा असायचा.

आमची इमारत म्हणजे आयांचं वसतिगृहच होतं. अकरावी-बारावीची मुलं डॉक्टरकीच्या परीक्षेच्या तयारीला लातुरात यायची आणि त्यांना दोन वेळचं घरचं मिळावं म्हणून मागोमाग आम्ही. नवरे गावाकडे. आमचे मुखेडला बियाण्याच्या दुकानात होते. हाताने पिठलं करून खायचे आणि फोनवर ‘मस्त जेवलो’ सांगायचे. नुसत्या काकू देगलूरकडच्या. त्यांचा धाकटा अनिकेत आणि माझी श्रुती एकाच क्लासला होते, आणि आमच्या खोल्यांमध्ये भिंत एकच होती. ती इतकी पातळ, की त्यांच्या फोडणीला मी शिंकायचे.

पैसा सगळ्यांनाच बेताचा. क्लासची फी, खोलीचं भाडं, पुस्तकं हे काही कमी करता येत नव्हतं. कमी करायचं ते स्वतःचं. तेवढं मलाही कळत होतं. पण माझी काटकसर म्हणजे घरात सुतक. चहातलं दूध कमी केलं, वासाचा साबण बंद करून कपड्याच्या वडीने अंघोळ सुरू केली, आणि हे सगळं तोंडाने बोलून दाखवायचं. ‘राहू दे, आपल्याला कुठलं आलंय’ हे माझं पालुपद. श्रुती ऐकत असायची. केळं पुढे केलं तर ‘तूच खा’ म्हणायची. एका संध्याकाळी पुस्तक मिटून म्हणाली, ‘आई, आपण मुखेडला परत जाऊ. मला नाही व्हायचं डॉक्टर. तुझं तोंड बघितलं की वाचलेलं डोक्यात राहत नाही.’

मी तिला चांगलं सुनावलं आणि जिन्यात जाऊन रडत बसले. पोरगी हुशार होती, दहावीला तालुक्यात तिचं नाव झालं होतं, आणि माझ्यामुळेच ती मागे फिरणार, ही भीती बसली. खालच्या पायरीवर काकू गहू निवडत होत्या. भिंतीतून त्यांनी सगळं ऐकलं असणार. सुपातली नजर न काढता म्हणाल्या, ‘लेकराला आपली काटकसर दिसू दे गं. आपलं कण्हणं दिसू देऊ नको. तू म्हणतीस खर्च वाचवून राहिले, अन् वाचवलेला एकेक रुपया तिच्याच डोक्यावर ठेवून राहिलीस.’

मला रागच आला. म्हटलं, ‘मग काय करू? नाचू?’

‘नाचू नको. रविवारी माझ्यासंगं बाजारात चल.’

‘पैसे कुठायत बाजाराला?’

‘पैसे कामून लागतेत? नुसतं बघायचं.’

रविवारी सकाळी मुलांचा पेपर असायचा, तेवढा वेळ आम्ही मोकळ्या. मी घरातल्याच साडीवर निघाले तर काकूंनी दारातून परत पाठवलं. त्यांचा दंडकच होता, ‘पर्स रिकामी असली की पदर नीट पाहिजे.’ स्वतः त्या इस्त्रीची साडी नेसून, केसांना तेल लावून, लग्नाला निघाल्यासारख्या यायच्या. बाजारात जाताना पैसे न्यायचे नाहीत हा दुसरा नियम. मोह झाला तरी हात पोचत नाही. मला पहिल्यांदा लाजेने मेल्यासारखं झालं. दुसऱ्या रविवारी कमी झालं. पुढे पुढे तर मी शनिवारीच ठरवायला लागले, उद्या भांडी बघायची का चादरी. मन मारायचं नाही, त्याला फिरवून आणायचं, असं त्यांचं शास्त्र होतं. खरं सांगते, तीनशे साड्या बघून झाल्या की एकही घ्यावीशी वाटत नाही.

त्यांचा आणखी एक हट्ट होता. सगळंच तोडायचं नाही. ‘झाडाच्या समद्या फांद्या छाटल्या की झाड वाळतंय. एक ठेवावी,’ म्हणायच्या. त्यांची फांदी म्हणजे चार वाजताचा आलं घातलेला, घट्ट दुधाचा चहा. त्यावेळी जावई आला तरी त्या उठल्या नसत्या. माझी कोणती, म्हणून विचारलं तर मला चटकन सांगताच येईना. मग लाजत लाजत म्हटलं, ‘चंदनाचा साबण.’ त्यांनी मला लगेच खाली दुकानात पिटाळलं. त्या दिवशी अंघोळ करून बाहेर आले तर श्रुती म्हणाली, ‘आई, तुझा वास परत आला.’ एका वडीत किती सुख असतं ते मला तेव्हा कळलं.

तरी पोरीच्या मनातलं मुखेड काही गेलं नव्हतं. ‘पुढच्या महिन्यात जाऊ’ असं ती अधूनमधून काढायचीच. त्यातच तो बोहणीचा रविवार आला.

पेपर लवकरचा होता म्हणून आम्हीही लवकर निघालो. दुकान नुकतंच उघडलं होतं, देवापुढची उदबत्तीसुद्धा जळून संपली नव्हती. काकूंनी डाळिंबी रंगाची, हिरव्या काठाची साडी काढायला लावली, माझ्या खांद्यावर टाकली आणि सवयीप्रमाणे अर्ध्याहून खालचा भाव सांगितला. दुकानदाराने देवाच्या फोटोकडे बघितलं, हात जोडले आणि म्हणाला, ‘घेऊन जा काकू. बोहणी हाय, तुम्हाला न्हाई म्हणायचं न्हाई.’

आमच्याकडे दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक परत जाणं म्हणजे अपशकुन. त्यातही भाव आपण सांगितलेला, समोरच्याने मान्य केलेला. तिथून उठलं तर त्याचा सगळा दिवस नासला असं मानतात. काकूंचा चेहरा उतरला. त्यांची पर्स नियमाप्रमाणे रिकामी होती. माझ्या पर्समध्ये मात्र श्रुतीच्या सराव परीक्षांची फी होती, येताना क्लासवर भरायची म्हणून घेतलेली. काकूंनी माझ्याकडे बघितलं. ‘दे,’ त्या इतक्या हळू म्हणाल्या की मला ओठांवरूनच कळलं.

वाटभर मी त्यांना काय काय बोलले, ते सांगत नाही. नुसत्या काकूंना गप्प चालताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. इमारतीत आल्यावर मात्र त्यांनी साडी हातावर घेतली आणि थेट वरच्या मजल्यावरून सुरुवात केली. ‘कुणाकडं लगीन हाय? आहेर कोण घेऊन राहिलंय?’ निलंग्याच्या बाईला भावाच्या वास्तुशांतीला जायचं होतं, वहिनीला साडी न्यायची होती. काकूंनी मला जिन्यात उभं केलं, साडी अंगावर टाकली, ‘फिर जरा, मागून दाखव’ म्हणून गोल गोल फिरवलं. निलंग्याच्या बाईने काठ बघितला, पोत चाचपला, आणि भाव पाडून मागितला.

सगळ्या गोलाईचे भाव पाडणाऱ्या काकू लालबुंद झाल्या. ‘अगं बोहणीचा भाव हाय ह्यो. ह्याच्या खाली जगात भाव न्हाई.’ ती बाई म्हणते, ‘तरी काहीतरी कमी करा की.’ काकू म्हणतात, ‘देवाला विचार.’ आणि मी डाळिंबी पदर घेऊन बाहुलीसारखी मधोमध उभी. मला हसू फुटलं. असं फुटलं की मी पायरीवरच बसले, डोळ्यांतून पाणी. डोळे पुसून बघितलं तर जिन्याखाली श्रुती उभी, पेपर देऊन आलेली, आणि तीही भिंतीला टेकून हसत होती. शेवटी काकूंनी त्या बाईकडून दुकानात दिले होते तेवढेच पैसे घेतले, एक रुपया वर नाही, आणि माझ्या हातात ठेवले. सोमवारी फी भरली. त्या रात्री पुस्तक उघडताना श्रुती एवढंच म्हणाली, ‘आई, मुखेडचं नंतर बघू.’ तो विषय तिने पुन्हा काढला नाही.

वर्ष संपलं आणि अनिकेतने मात्र हात टेकले. त्याला यंत्रं आवडायची, आयटीआयला जायचं होतं. काकूंनी आदळआपट केली नाही, सामान बांधायला घेतलं. मला राहवेना. म्हटलं, ‘काकू, एवढं वर्षभर स्वतःचं मन मारलंत, सगळं वायाच गेलं की.’

त्या खरंच चकित झाल्या. ‘वाया कसं गं? आम्ही मायलेकरं काय रडत बसलो होतो का? मजेत राहिलो की.’ मी त्यांची ओटी भरली. बस सुटली तेव्हा खिडकीतून ओरडल्या, ‘साबण सोडू नको.’ शेजारचा प्रवासी दचकून बघायला लागला.

पुढच्या वर्षी श्रुतीचा नांदेडला डॉक्टरकीला नंबर लागला. पहिला फोन काकूंना लावला, तो जरा बिचकतच. त्यांच्या पोराचं राहिलं होतं, त्यांना काय वाटेल, असं मनात आलं. त्या रडक्या आवाजात म्हणाल्या, ‘पोरीकडं दे फोन.’ श्रुती बराच वेळ नुसतं ‘हो काकू, हो काकू’ करत होती. काय म्हणाल्या, ते तिने मला सांगितलं नाही.

ते मला इतक्या वर्षांनी, मागच्या महिन्यात कळलं, शिकाऊ डॉक्टर म्हणून तिच्या हातात पहिल्यांदा स्वतःचे पैसे आले तेव्हा. मला नांदेडच्या बाजारात घेऊन गेली, पैसे माझ्या मुठीत ठेवले आणि म्हणाली, ‘काकूंनी सांगितलं होतं, आईला काही आणून देऊ नको. तिला दुकानात सोड अन् तू बाहेर थांब. तिची स्वतःसाठी मागायची सवय मोडलीय, ती तिलाच लावू दे.’

कुठून ही बाई माझ्या शेजारी राहायला आली कोण जाणे. सख्ख्या बहिणीने केलं नसतं ते तिने मला हसत हसत शिकवलं. तिचे उपकार मी फेडणार नाही, मला ते फेडायचेही नाहीत.

श्रुती रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली. मी आत गेले. दुकानदाराने गादीवरची साडी बाजूला सारत विचारलं, ‘या ताई. कुणासाठी दाखवू?’

सासूसाठी, नणंदेसाठी, पोरीसाठी, आहेरासाठी असं आयुष्यभर सांगत आले होते. दुसरं उत्तर तोंडातून निघायला जरा वेळ लागला.

‘माझ्यासाठी,’ मी म्हणाले, आणि मांडी घालून बसले.