डॉक्टर ब्रुन्स यांचा डोकावणारा कर्नल

डॉक्टर हाइको ब्रुन्स यांनी उभ्या आयुष्यात कोडची एक ओळही स्वतः लिहिली नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. फाइलच्या माथ्यावर नाव ते स्वतःच घालत. बाकी सगळं जुन्या चिपच्या बोर्डासाठी लिहिलेल्या कोडमधून उचललेलं. ओल्डेनबुर्गजवळच्या त्या कारखान्यात गाईंचं दूध काढणारी यंत्रं बनत, आणि यंत्राची चिप बदलली की तिच्यावर कर्नल, म्हणजे यंत्र चालवणारा मूळ प्रोग्रॅम, बसवायचं काम ब्रुन्स यांच्या गटाकडे येई. वीस वर्षं ते एकच मंत्र जपत आले होते : "इंटरप्ट म्हणजे इंटरप्ट. चिप कुठली का असेना."

हा मंत्र ऐकला की त्यांच्या हाताखालच्या विबके हार्म्सचं डोकं उठायचं. इंटरप्ट म्हणजे चिपनं कर्नलला घातलेली हाक, दारावरची बेलच. जुनी चिप ही बेल एकदा वाजवून गप्प बसे. नवी चिप दार उघडेपर्यंत बेलवरचं बोट काढत नसे. ब्रुन्स यांचा उसना कोड आधी 'ऐकलं, ऐकलं' म्हणे आणि मग सावकाश दाराकडे निघे. तेवढ्यात बेल पुन्हा वाजे. यंत्र सुरू झालं की बेल ऐकण्यातच अडकून पडे, दूध राहिलं बाजूलाच.

यावर डॉक्टरसाहेबांनी काढलेला उपाय पाहून विबकेनं कपाळाला हात लावला. त्यांनी बेलच बंद करून टाकली होती. आता कर्नल दर अर्ध्या सेकंदानं दाराशी जाऊन डोकावणार होता.

"आणि गाईनं लाथ झाडली तर?" तिनं विचारलं. "यंत्राचा हात त्याच क्षणी सुटायला हवा. अर्धा सेकंद थांबायचं का गाईनं?"

"अगं, गाय काय घड्याळ लावून लाथ मारते?" ब्रुन्स चहात खडीसाखर सोडत म्हणाले. "सोमवारी हॅनोवरचं प्रदर्शन आहे. तू फक्त खाली 'चाचणी केली' म्हणून नाव घाल. माझं एकट्याचं नाव दिसलं की तो फिनलंडचा तोइवो खुसपटं काढत बसतो."

काढणारच. जगभरचे कर्नलवाले आपले बदल एका उघड्या मेलिंग लिस्टवर पाठवत. तोइवो ते वाचून स्वीकारे किंवा फेटाळे. बदलाखाली तो तपासणाऱ्याचं नाव असे, आणि ते मागाहून पुसता येत नसे.

"मी नव्या बोर्डावर चालवलेलंच नाही."

"मग जुन्यावर चालव. चालवलं ते चालवलं! आणि ऑक्टोबरात मी निवृत्त होतोय. माझी खुर्ची हवीय ना तुला?"

हवी होती. विबकेनं जुन्या बोर्डावर चालवलं. चाललं; तिथं चालणारच होतं. तिनं नाव घातलं, आणि आपण खोटं असं काही लिहिलेलं नाही, अशी स्वतःची समजूत घातली.

तासाभरात उत्तर आलं. ब्रुन्स यांच्या प्रत्येक बदलाची पानभर चिरफाड करणाऱ्या तोइवोनं या खेपेला एवढंच लिहिलं होतं : "मला हे पटत नाही. पण विबकेनं तपासलंय, तर मी पुन्हा बघत बसत नाही. घेतलं."

"बघ, जमलं की नाही?" ब्रुन्स यांनी मागून येऊन तिचा खांदा थोपटला. "शिकलीस!"

ब्रुन्स यांच्या हाताखालच्या अकरा वर्षांत आली नव्हती एवढी किळस तिला आली, आणि त्यातली निम्मी तरी स्वतःचीच होती.