दारियाचा खिमा

दारिया हरासिमने कापायच्या आधीचे शेवटचे चार महिने बैलांना जवस खाऊ घातलं, तेव्हा कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या आमच्या गावात कुणी तिला शहाणी म्हटलं नाही. जवसातलं हृदयाला बरं असणारं तेल मांसात उतरतं, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. चारा मात्र महाग पडला. तिचं मांस घेणाऱ्या एडमंटनच्या दुकानदाराने स्पष्ट सांगितलं होतं, त्या तेलाचा प्रयोगशाळेतला आकडा बसला आणि लेबलवर तसं छापता आलं तर जास्त भाव, नाहीतर बाजारभाव.

पहिला बैल माझ्याकडे कापायला आला. चाळीस वर्षं मी कापतोय तसाच कापला. आमच्याकडे गिऱ्हाईक लाल मांस बघतं, म्हणून पांढरं सगळं काढून टाकलं. खिमाही लालभडक झाला. त्याचाच नमुना प्रयोगशाळेत गेला आणि आकडा कमी पडला.

प्रयोगशाळेचा कागद घेऊन ती माझ्या दुकानात आली.

"मेट्रो, चरबी कुठाय?" तिने मला विचारलं.

"कचऱ्याच्या पिंपात. नेहमी तिथेच जाते."

"अरे, ते तेल चरबीतच उतरतं. चार महिने मी तुझं पिंप पोसलं."

 ती पुढे म्हणाली, "दुसरा बैल उद्या आणते. स्टेक नेहमीसारखे काप, ते साध्या भावाने जाऊ देत. बैलात स्टेक असतात किती? निम्मा माल तर खिमाच. चरबी त्यात घाल. जवसाचे पैसे तिथूनच निघतील."

"पांढरा दिसेल. लोक हसतील."

"हसू देत. विकत घेऊन हसू देत."

दुसऱ्या दिवशी ती खिम्याच्या यंत्रापाशी उभी राहिली आणि मी चरबी टाकताना हात आखडला की कोपर मारायची. या वेळी आकडा बसला. लेबलं छापून आली.

महिन्याभराने दुकानदाराचा फोन आला. माल खपत होता, पण गिऱ्हाइकांना चरबी जरा कमी हवी होती. फोन माझ्या दुकानात, ती समोर; तिच्याच हातात दिला.

"कमी करते की," दारिया म्हणाली. "मग आकडा बसणार नाही; लेबलही काढा आणि जास्तीचा भावही सोडा. काय करू?"

 पलीकडून तो काहीतरी पुटपुटला.

"बरं, आहे तसाच पाठवते," म्हणत तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. "मेट्रो, पुढच्या आठवड्यात सहा बैल आणतेय. शीतखोलीत जागा कर."